जोमाकाका, तो नारळ मी ठेवायला लावला

काका, तुला जाळून आज पाच दिवस झाले. अख्खा कोळीवाडा आला होता. तीन वर्षं ज्यांनी तुझ्या होडीच्या काठाला बोट लावलं नाही, ते तुझ्या तिरडीला खांदा द्यायला एकमेकांना ढकलत होते. तुझ्यासाठी नव्हे. दर्यावर जीव गेलेल्या माणसाला वाड्यानं पोचवलं नाही तर दर्या रुसतो आणि मासळी खोल जाते, असं मानतात म्हणून. पुढच्या हंगामाची सोय करायला आले होते सगळे. वर हासू पाटील टोपी काढून म्हणतो, "जोमा तांडेल मानूस लाखाचा व्हता."

मी म्हटलं, "पाटील, हे त्याला ऐकवायचं होतं. तीन वर्षं जीभ कुठं वाळत घातली होती?"

पाटलाला ऐकू आलं नाही. ऐकू न येण्यात आपला वाडा किती हुशार आहे, ते तुला मी काय सांगू!

तुझा जन्म कधीचा, होडीचा तांडेल कितव्या वर्षी झालास, डोलीचं जाळं लावण्यात तुझा हात कोणी धरत नव्हता, हे असलं काही मी लिहिणार नाही. ते मेलेल्याला खूश करायचं लिखाण झालं. मला तुझ्याशी भांडायचंय. भांडण अर्धं राहिलं आणि तू निघून गेलास. आणि मला उद्यापर्यंत एक ठरवायचंय, ते तुझ्याशिवाय ठरत नाही.

तिसऱ्या दिवशी पाटलाचा निरोप आला. बाराव्याच्या आत पारूकाकीनं दारात पंचांपुढे देवीचा नारळ हातात धरायचा आणि बोलायचं, माझ्या नवऱ्यानं हिराजीला मारला नाही. बोलली तर वाडा बाराव्याला जेवायला येईल, काकी वाड्यात परत. नाही बोलली तर बाराव्याला एकटीच कावळ्याची वाट बघत बसेल, आणि त्यानंतर तिच्या बोंबलाच्या पाटीला कोणी हात लावणार नाही. उद्या दुपारी पाटील जबाब घ्यायला येणार आहे. काकीनं मला विचारलं, "कागदवाल्या, धरू काय?"

तूच दिलेलं नाव ते. मी मुंबईला छापखान्यात खिळे जुळवतो आणि उरलेल्या वेळात हक्कांसाठी झगडणाऱ्या आमच्या मंडळींची पत्रकं लिहितो. तू म्हणायचास, "तुज्या कागदाचा एक उपेग हाय. सुकं बोंबील बांधलं तर वास भायेर येत नाय." मला राग यायचा. आता येत नाही. दुसऱ्या कशाचा येतो.

हिराजी दर्यात रोवलेल्या तुझ्या डोलीच्या खुंटाला दोरानं बांधलेला सापडला, ओहोटी लागल्यावर. डोक्यात जखम. आदल्याच आठवड्यात तुम्ही दोघं किनाऱ्यावर भांडला होतात, खुंटाच्या जागेवरून. तुझा खुंट त्याच्या जाळ्याकडे येणारा पाण्याचा ओढा मारतो, असं त्याचं म्हणणं. तू त्याला म्हणालास, "माज्या खुंटाला हात लावशील तर थयंच बांधीन तुला." हे चाळीस लोकांनी ऐकलं. कोळीवाड्यात असं दिवसाला दहा जण दहा जणांना म्हणतात, हेही चाळीस लोकांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं फक्त पहिलं.

फौजदारानं तुला नेलं आणि पाच दिवस ठाण्यात ठेवलं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं. कशासाठी धरलं ते सांगायचं असतं. वकील भेटू द्यायचा असतो. हे सगळं घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. ठाण्याच्या वहीत तुझी अटक पाचव्या दिवशीची लिहिली. मग आधीचे चार दिवस तू तिथे काय करत होतास, पाहुणचार घेत होतास? त्या चार दिवसांत त्यांनी तुला काय केलं ते तू कधी बोलला नाहीस. मात्र एक बोललास. तिसऱ्या दिवशी फौजदारानं तुझ्या हातात दोर दिला, खोलीतल्या खांबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बांध तुझ्या पद्धतीनं." तू बांधलंस. तुला वाटलं दोराची परीक्षा घेतोय! तांडेलाला कोणी दोर दिला की तो चांगलंच बांधणार.

ती गाठ कोर्टात आली. हिराजीच्या कमरेची गाठ आणि खांबाची गाठ एक. जन्मठेप.

काका, ती गाठ मला येते. मी आठ वर्षांचा असताना तूच शिकवलीस, माझं बोट मध्ये अडकवून. हासू पाटलाला येते. हिराजीलाही येत होती, त्यालाही तूच शिकवली होतीस. आपल्या वाड्यातली निम्मी माणसं तीच गाठ मारतात. भरती चढताना खुंटावर एकटा काम करणारा माणूस स्वतःला त्याच गाठीनं खुंटाशी बांधून घेतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. यातलं एक वाक्य जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन बोलायला वाड्यातला एकही बाप्या तयार झाला नाही. एसटी चुकली म्हणाले. होडीचं काम निघालं म्हणाले. माझं काय? मी मुंबईला होतो. मला खटल्याचं कळलं तेव्हा निकाल लागून गेला होता, आणि खरं सांगायचं तर कळल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की अपिलाला हा खटला फार चांगला आहे. तू नव्हे. खटला.

हायकोर्टानं तुला सोडलं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही, गाठ बांधून घेणं म्हणजे तेच, आणि ती गाठ काढली तर हाती उरतं काय, किनाऱ्यावरचं एक भांडण. चौदा महिन्यांनी तू बाहेर आलास. मी त्या आठवड्यात पत्रक काढलं. दोन हजार प्रती. आगरदांड्याच्या लाँचवर वाटल्या, मुरुडच्या बाजारात वाटल्या, आपल्या वाड्यात दर दाराला चिकटवली. मथळा माझा. ‘गुन्हेगारालाही हक्क असतात!’

आधी ‘आरोपीलाही’ असं जुळवलं होतं. वाचून पाहिलं. जोर येईना. खिळे उपसले आणि ‘गुन्हेगारालाही’ बसवलं.

तू ते पत्रक पुढ्यात धरून बसला होतास. काकीनं वाचून दाखवलं होतं. मला म्हणालास, "कागदाच्या दोनी बाजू ऐकल्या. यात मी कुठं हाय रं?"

मी म्हटलं, "काका, हे तुझ्यापुरतं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. तू केलंस की नाही, हा मुद्दाच नाही."

"मुद्दा न्हाय?"

"कायद्याच्या दृष्टीनं नाही."

"मी मारला न्हाय, येवडा एक बोल जुळवायला तुजं खिळं सपलं व्हतं काय?"

मी तुला अर्धा तास समजावलं. तू ऐकून घेतलंस. शेवटी म्हणालास, "बरं. तू शिकलेला हायस." तुझी ही सवय वाईट होती, काका. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं आणि मग आपणच भोगायचं. फौजदारही शिकलेलाच होता.

वाड्याला काय, आयतंच मिळालं. पाटील म्हणाला, "आमी कुटं बोलतो? त्याच्या घरच्या पोरानंच छापलाय ना, गुन्हेगार म्हनून." हायकोर्टाच्या निकालाचं त्यांनी एवढंच करून ठेवलं, की मुंबईच्या वकिलांनी कागदातलं भोक शोधलं आणि जोमा त्यातून बाहेर आला. ‘सुटलाय, पण केलाय त्यानंच.’ हे वाक्य मी मुरुडच्या स्टँडवर ऐकलं, लाँचच्या फळीवर ऐकलं, तळा गावाहून आलेल्या एका मास्तरच्या तोंडी ऐकलं, ज्यानं तुला जन्मात पाहिलेलं नव्हतं. शिक्षा झाली तेव्हा कोर्ट देवासारखं. सोडलं की तेच कोर्ट विकलं गेलेलं. एक म्हातारा तर म्हणाला, नबाबाच्या अमलात हे असं नव्हतं, धरला तो गेला. मी त्याला म्हटलं, "आजोबा, तुम्हालाच धरलं असतं म्हणजे?" तो म्हणाला, "मना कशाला धरतील?" सगळे असंच म्हणतात. तूही म्हणत होतास.

एकाच माणसापुढे माझं चाललं नाही. धोंडीआय, हिराजीची आई. मी पत्रक चिकटवत तिच्या दारापर्यंत गेलो, तेव्हा तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. म्हणाली, "पोरा, जोमानं न्हाय मारला, बरं. मंग माजा लेक कुणी मारला? ता लिव." मी म्हटलं, "आय, ते शोधणं पोलिसांचं काम." म्हणाली, "त्यांनी शोधला व्हता. तुमी सोडलात." तिच्यावर मला चिडता आलं नाही. बाकी सगळ्यांवर येतं.

आता नारळाचं.

तू परत आल्यावर दहाव्या की बाराव्या दिवशी देवीच्या देवळापुढे पंच बसले. तुला म्हणाले, कोर्टाचं कोर्टापाशी. आईचा नारळ धर आणि बोल. मग हिराजीचा विषय मिटला, उद्यापासून तुझी होडी सगळ्यांबरोबर. तू तयार होतास. काकीनं सकाळी धुतलेली बंडी दिली होती तुला. मी मुंबईहून आलो, मुरुडला एसटीतून उतरलो आणि तिथून पळत आलो, का, तर मला वाटलं भलताच घोळ होतोय. मी पोचलो तेव्हा नारळ तुझ्या दोन्ही हातांत होता.

मी ओरडलो, "काका, थांब!"

पाटील म्हणाला, "आला वकील."

मी तुला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांपुढेच भाषण सुरू केलं. म्हटलं, आज यांच्यापुढे बोललास तर तुला पुन्हा तपासायचा हक्क यांना आहे असं होतं. उद्या हे कोणालाही धरतील, नारळ देतील. देशाच्या घटनेनं सांगितलंय की माणसाकडून जबाब ओढून घेता येत नाही. तुझ्यासाठी हायकोर्ट बोललंय, आता तू कोणालाही जबाब देणं लागत नाहीस. ठेव तो नारळ.

तू माझ्याकडे पाहिलंस. नारळाकडे पाहिलंस. खाली ठेवलास.

मी वाड्यातलाच, काका. याच देवळापुढे वाढलो. हातात घेतलेला नारळ न बोलता खाली ठेवला की गुन्हा कबूल, असाच त्याचा अर्थ लावतात, ते मला ठाऊक होतं. त्या घटकेला आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण मला वाटलं, हे मोडलंच पाहिजे, आणि आजच मोडतोय. मी मोडत होतो, तुझ्या हातांनी. बायका उठून गेल्या. धोंडीआयनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

त्यानंतर वाड्यातलं कोणी तुझ्याशी बोललंच नाही. मी पाटलाला जाऊन सांगितलं, वाळीत टाकणं गुन्हा आहे, राज्याचा कायदा आहे. तो जाळं शिवत होता, मान वर न करता म्हणाला, "वाळीत कोन टाकलाय? आमी फकस्त बोलत न्हाय. न बोलायचा हक्क हाय ना? तूच सांगत व्हतास." माझ्याच शस्त्रानं मला मारलं त्या माणसानं. ते पुढच्या पत्रकात घालायचं मी टाळलं.

डोल ओढायला चार माणसं लागतात. तुला एक मिळेना. काकी म्हणाली, मी येते. बाई होडीत चढली तर अपशकुन, म्हणून वाड्यानं आणखी शिव्या घातल्या. ती बोंबील वाळत घालणारी बाई पन्नाशीत वल्हं मारायला शिकली. तू मला एकदा म्हणालास, "ती माज्यापेक्षा बरी सुकाणू धरते, पन सांगू नको तिला. चढून बसंल." तीन वर्षांत तू मला एवढंच हसून बोललास. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचो, तुझ्या ओट्यावर बसून घटनेवर बोलायचो, तुझे मासे खायचो आणि जायचो.

तू मला कधी दोष दिला नाहीस, हे मला खपत नाही. तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस, "मेल्या, तुज्यामुळं झाला." मी त्यावर काहीतरी बोललो असतो. तू मला ती संधीसुद्धा दिली नाहीस. ही कसली माया?

आणि मी तुला कधी विचारलं नाही. काका, मारलंस का? हे तीन वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही. मी स्वतःला सांगत होतो, ही तुझ्या हक्काची बूज राखणं आहे. ती बूज नव्हती, भीती होती. तू ‘होय’ म्हणाला असतास तर माझं पत्रक काय झालं असतं? आज मी लिहू का, जोमा तांडेलानं हिराजीला मारलं नाही? तू मला सांगितलं होतंस, त्या दिवशी, खिळे संपले होते काय म्हणून विचारताना. मी ते ऐकलं नाही, कारण तो मुद्दा नव्हता. मी ऐकलं नाही, तर फौजदारात आणि माझ्यात काय फरक? त्यानं नको ते बोलायला लावलं. मी हवं ते बोलू दिलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी खुंटावर दोर आवळताना तू होडीत कोसळलास. काकीनं सांगितलं, तुझे ओठ निळे पडले, श्वास चालू होता. एकटीला होडी ओढ्याविरुद्ध आणता येईना. तिनं लुगडं सोडून अर्धं फाडलं, वल्ह्याला बांधलं आणि वल्हं उभं केलं. दर्यावर उभं वल्हं आणि त्यावर कापड दिसलं की हातातलं जाळं तोडून निघायचं, मग तो वैरी असो. हे शिकवावं लागत नाही. तीन होड्या नजरेत होत्या. एकीवर हासू पाटील स्वतः. काकी म्हणते, सूर्य दोन हात वर येईपर्यंत वल्हं धरून होती. तुझा श्वास कधी थांबला ते तिला कळलं नाही, कारण ती पाठमोरी उभी होती, होड्यांकडे बघत.

नंतर त्या होड्यांवरचे म्हणाले, कापड वाळत घातलंय असं वाटलं.

वरचं काल लिहिलं. आता आज दुपारी झालं ते.

काकीला मी सकाळी सांगितलं, "धर. बोल. काकाचं बारावं नीट होऊ दे, मरू दे तत्त्व." हे माझ्या तोंडून निघालं, काका. काकी म्हणाली, "तवा ठेव म्हनलास, आता धर म्हनतंस. जरा गप बस."

पाटील आला, बरोबर चार पंच आणि त्या सकाळच्या दुसऱ्या दोन होड्यांचे तांडेल. बाकीचा वाडा कुंपणाशी. धोंडीआयही होती, लांब, माडाला टेकून. पाटलानं नारळ उंबऱ्यावर ठेवला. म्हणाला, "पारू, उचल आणि बोल. आमाला पन हा विषय मिटवायचा हाय."

काकी खाली वाकली. मला वाटलं उचलते. तिनं नारळाला हात लावला आणि तो उंबऱ्यावरून पुढे सरकवला, पाटलाच्या पायाशी.

"आदी तुमी धरा," ती म्हणाली. "वल्ह्यावरचा लुगडा आमी वळखला न्हाय, असा बोला. मंग मी धरते. माज्या घोवासाठी बोलते, जा."

पाटील म्हणाला, "पारू, बाईमानसानं असा बोलू न्हाय."

"मंग बाप्यामानसानं बोलावा. तू बोल. न्हायतर त्यानं बोलावा." तिनं दुसऱ्या होडीवाल्याकडे बोट केलं. मग तिसऱ्याकडे.

तिसरा पुटपुटला, "कापडच वाटला, वैनी."

"उचलून बोल."

त्यानं हात मागे घेतला. कुंपणाशी कोणीतरी खोकलं. पाटील नारळाकडे बघत राहिला. घामानं त्याची बंडी पाठीला चिकटली होती. वाकला नाही. मग माडापासची धोंडीआय चालत आली, पाटलाच्या आणि पंचांच्या मधून, उंबरा ओलांडून घरात गेली आणि काकीच्या चुलीपुढे जाऊन बसली. मला तिचं काही कळलं नाही, आणि ते विचारायचा हक्क मला नाही. पंच एकेक करून मागे फिरले. नारळ तिथेच.

काका, मी तीन वर्षं छापत आलो की माणसानं तोंड मिटलं म्हणून तो दोषी ठरत नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काढायचा नसतो. पंचांनी तुझा काढला, म्हणून मी त्यांना दर पत्रकात झोडलं. आज पाटील गप्प उभा राहिला, ते दोघे होडीवालेही राहिले. त्यांनाही तो हक्क आहे, तुझ्याइतकाच. मी उंबऱ्याच्या आत उभा होतो, त्यांची तोंडं बघत. अर्थ काढायला नको होता.

मी काढला.